तीन स्तरांतून घडणारा देह

प्राण्याच्या देहाची उभारणी एका फलित पेशीपासून होते. एकीच्या दोन, दोहोंच्या चार अशा क्रमाने पेशींची संख्या वाढत जाते. परंतु केवळ संख्या वाढल्याने देह घडत नाही. वाढलेल्या पेशी आपापल्या जागा बदलतात, स्तरांत विभागल्या जातात, आणि मगच अवयवांचा पाया घातला जातो.

ही घडामोड कोंबडीच्या अंड्यात स्पष्ट दिसते. उल्हासनगर कॅम्प १ मधील दुकानांत विक्रीस येणारी पोल्ट्रीची अंडी बहुधा अफलित असतात. त्यांत भ्रूण नसतो. फलित अंड्यात मात्र बलकावर पेशींची एक लहानशी पांढरट चकती असते. अंड्यास सुमारे ३७ ते ३८ अंश सेल्सिअस ऊब मिळाली, की पहिल्या दिवसातच या चकतीच्या मध्यावर एक रेषा उमटते. पृष्ठभागावरील पेशी या रेषेतून आत उतरतात. काही तळाशी जाऊन अंतःस्तर बनवितात, काही मधल्या जागेत पसरून मध्यस्तर होतात, आणि वर उरलेल्या पेशींचा बाह्यस्तर बनतो.

बाह्यस्तरापासून त्वचेचे वरचे आवरण, मेंदू व मज्जारज्जू तयार होतात. मध्यस्तरापासून स्नायू, हृदय, रक्त, मूत्रपिंडे व बहुतेक हाडे. अंतःस्तरापासून अन्ननलिका, आतडी व फुप्फुसे यांचे आतील अस्तर, तसेच यकृत व स्वादुपिंड.

कोंबडीच्या भ्रूणातील या स्तरांचे वर्णन पांडर यांनी १८१७ मध्ये केले. स्पेमान व हिल्डे मांगोल्ड यांनी १९२४ मध्ये दाखविले, की भ्रूणातील एक विशिष्ट भाग शेजारच्या पेशींना दिशा देतो. पुणे विद्यापीठातील डॉ. लीला मुल्हेरकर यांनी कोंबडीच्या भ्रूणावर याच प्रश्नाचे संशोधन केले.

मानवी भ्रूणातही अशीच रेषा गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यात उमटते. पाळी चुकल्याचे ध्यानात येते, तो हाच सुमार. त्यानंतर बाह्यस्तराची एक पट्टी दुमडून नळी बनते व ती सुमारे २८ व्या दिवसापर्यंत बंद होते. तीच पुढे मेंदू व मज्जारज्जू होते. ती उघडी राहिल्यास मूल पाठीच्या कण्याच्या किंवा मेंदूच्या गंभीर व्यंगासह जन्मते.

फॉलिक ॲसिडच्या गोळीने हा धोका बऱ्याच अंशी टळतो. मात्र गर्भवतीची नोंदणी होईपर्यंत ही नळी बहुधा बंद होऊन गेलेली असते. म्हणूनच अपत्याचा विचार करणाऱ्या स्त्रीने गर्भधारणेच्या किमान एक महिना आधीपासून पहिले तीन महिने पूर्ण होईपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यावे, अशी शिफारस आहे. पूर्वी असे व्यंग असलेले मूल झाले असल्यास, अथवा मधुमेह किंवा अपस्माराचे औषध चालू असल्यास, डॉक्टरांचा सल्ला आधीच घेणे अगत्याचे आहे.

गावातील आरोग्य समिती, शहरी वस्तीतील महिला आरोग्य समिती, आशा सेविका आणि शिक्षक यांनी ही माहिती नवविवाहितांपर्यंत वेळेवर पोहोचविली, तर अनेक कुटुंबांवरील आघात टळू शकेल.