थर्माकोल, मांजरपाट आणि गोंद : एका हलक्या खोलीचे शास्त्र

यवतमाळहून धामणगाव रेल्वेकडे निघाले की वाटेत बाभुळगाव लागते. तालुक्याचे गाव, जवळून वाहणारी बेंबळा आणि चहूकडे पऱ्हाटी. या मुलखातल्या पन्नाशी ओलांडलेल्या कुणालाही एक चित्र आठवेल. १९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली आणि पुढची अनेक वर्षे संकलन केंद्रांबाहेर हिवाळ्यात बंड्यांच्या रांगा लागू लागल्या. नंबर लागायला कधी रात्र जायची, कधी दोन-तीन रात्री. तट्टे बांधलेल्या बंडीत कापूस शिगोशीग भरलेला असायचा आणि त्या कापसाचा मालक बंडीखाली पोते अंथरून, अंगावर घोंगडी ओढून थंडीत पडलेला असायचा. वर क्विंटलांनी कापूस आणि खाली कुडकुडणारा माणूस!

त्या रांगा आता नाहीत. पण घराबाहेर काढायची रात्र संपलेली नाही. रानडुकरे आणि रोही यांच्यापासून पीक राखायला शेतकरी आजही जागलीला जातो. माळ्यावर चार बल्ल्या, वर ताडपत्री, बाजूंनी गोणपाट, एवढाच त्याचा निवारा. पावसात तो गळतो, पौषात आतून वारा वाहतो, आणि शेत बदलले की पुन्हा उभारावा लागतो.

दोन माणसांना उचलता येईल, बंडीवर किंवा साध्या चाकांवर ठेवून एका शेतातून दुसऱ्या शेतात नेता येईल, थंडी आणि ऊन अडवील आणि सुताराच्या कामापेक्षा स्वस्त पडेल अशी खोली करता येते का? या प्रश्नाचे बरेचसे उत्तर वेगळ्याच कारणासाठी, वेगळ्याच देशात शोधले गेले आहे. त्या उत्तरातली मुख्य वस्तू मात्र आपल्या ओळखीची आहे. ती म्हणजे सुती कापड.

कापडाची जुनी करामत

मोटारीमागे जोडायची, आत दोन माणसे झोपतील एवढी छोटी फिरती खोली घरच्या अंगणात बनवण्याचा छंद अमेरिकेत १९३०च्या दशकापासून आहे. सुरुवातीला या खोल्या लाकडी सांगाड्यावर प्लायवूड ठोकून होत. नंतर काही हौशी कारागिरांनी सांगाडाच काढून टाकला. थर्माकोलच्या जातीच्या जाड फोमच्या पाट्या एकमेकींना चिकटवून त्यांनी खोका केला. त्याला आतून-बाहेरून जाड सुती कापड लाकडाच्या गोंदाने चिकटवले आणि वरून घराच्या भिंतीला देतात तो रंग दिला. या पद्धतीला ते थट्टेने ‘गरिबाचे फायबरग्लास’ म्हणतात.

थट्टेचे नाव असले तरी तिची परंपरा गंभीर आहे. अमेरिकेच्या मेन राज्यातले नावाडी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देवदाराच्या पातळ फळ्यांच्या होड्यांवर कॅनव्हास ताणून, त्यात रंगाचे पुटण भरून त्या जलरोधक करत. ब्रिटनमधल्या जुन्या रेल्वेडब्यांची लाकडी छपरेही शिशाच्या पांढऱ्या रंगात बसवलेल्या कॅनव्हासने मढवलेली असत.

सर्वांत बोलके उदाहरण ‘मॉस्किटो’ या ब्रिटिश लढाऊ विमानाचे. ते पहिल्यांदा उडाले २५ नोव्हेंबर १९४० रोजी. धातूची टंचाई असताना त्याचे धड लाकडाचे केले होते : बर्चच्या पातळ प्लायवूडचे दोन पापुद्रे आणि मध्ये बाल्सा हे अतिशय हलके लाकूड. या लाकडी अंगावर सुती कापड चढवून त्यावर लेप दिलेला असे. त्या कापडाच्या जातीचे नाव ‘मदापोलम’. हे नाव आले आंध्रातल्या नरसापूरजवळच्या एका गावावरून, जिथे ईस्ट इंडिया कंपनीची कापडाची वखार होती. गोदावरीकाठच्या एका गावाचे नाव असे युरोपच्या आकाशात गेले. त्या काळच्या अत्यंत वेगवान विमानांपैकी एकाच्या अंगावर अखेर सुती कापड होते, हे लक्षात ठेवले की पुढची गोष्ट अविश्वसनीय वाटणार नाही.

दोन विटा आणि एक पट्टी

नव्या टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल घरात पडलेला असेलच. त्याची हातभर लांब, चार बोटे रुंद पट्टी कापा. दोन विटांवर तिची दोन टोके टेकवा आणि मधोमध दाबा. पट्टी वाकेल आणि कट्‌कन तुटेल. नीट पाहिलेत तर दिसेल की भेग खालच्या बाजूने सुरू झाली. वाकताना पट्टीचा वरचा पृष्ठभाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. थर्माकोलला दाब थोडाफार सोसतो, ताण सोसत नाही.

आता तशाच दुसऱ्या पट्टीच्या खालच्या अंगाला जुन्या धोतराचा तुकडा पांढऱ्या गोंदाने चिकटवा, दोन दिवस वाळू द्या आणि पुन्हा दाबा. ही पट्टी कितीतरी जास्त जोर घेईल, कारण ताण आता कापडाच्या धाग्यांवर आला. वरच्या अंगालाही कापड चिकटवले तर पट्टी फळीसारखी वागू लागते. एरवी कापड दाबले की सुरकुतते. पण गोंदाने ताठ झालेले आणि खालच्या थर्माकोलला घट्ट धरून बसलेले कापड सुरकुतायला जागाच नसते, म्हणून ते दाबही पेलते.

म्हणजे थर्माकोलचे काम ओझे पेलण्याचे नाहीच. दोन कापडांना एकमेकांपासून दूर धरणे आणि एकमेकांवर सरकू न देणे, एवढेच त्याचे काम. ताठरपणा येतो तो या अंतरातून. कापड तेच ठेवून दोन थरांमधले अंतर दुप्पट केले की ताठरपणा सुमारे चौपट होतो, आणि वजन वाढते ते फक्त जास्तीच्या थर्माकोलचे. हा थर्माकोल बहुतांशी हवाच असतो.

आपल्याकडचा कूड थोडासा याच कुळातला. पऱ्हाट्या किंवा तुराट्या उभ्या बांधायच्या आणि दोन्ही अंगांनी माती-शेणाचा लेप द्यायचा. फरक असा की मातीच्या लेपाला ताण मुळीच सोसत नाही. म्हणून कुडाची भिंत उभी राहते, पण उचलून नेता येत नाही. उचलली की लेप तडकतो. लेपाच्या जागी कापड आले की तीच भिंत चालती होते.

सगळी मदार गोंदावर

गावाच्या नावातच बाभूळ आहे, तेव्हा डिंकापासून सुरुवात करणे योग्य. बाभळीचा डिंक कागद चिकटवायला चांगला, पण पाणी लागले की विरघळतो. चिंचोक्याच्या खळीचेही तसेच. ओडिशाचे पटचित्रकार याच खळीने सुती कापडाचे थर एकमेकांवर चिकटवून त्यावर खडूचा लेप देतात आणि चित्रासाठी पक्का पट तयार करतात. तो पट भिंतीवर शतक काढील, पण मृगाच्या एका पावसात त्याचे पुन्हा कापड होईल. नासलेल्या दुधातले प्रथिन आणि चुना यांचा केसीन नावाचा गोंद पाण्याला त्याहून बराच टिकतो. सुरुवातीच्या लाकडी विमानांत तोच वापरत. पण दमट हवेत त्याला बुरशी लागते, म्हणून पुढे विमानांसाठी कृत्रिम राळेचे गोंद आले.

आज सुताराच्या हातात असतो तो पांढरा गोंद. फेव्हिकॉलमुळे १९५९पासून तो घराघरांत पोहोचला. साधा पांढरा गोंद पाण्यात फार काळ राहिला तर मऊ पडतो. त्याचे जलरोधक प्रकार मिळतात आणि या कामाला तेच हवेत. थोडे पैसे वाचवून साधा गोंद घेणे म्हणजे पहिल्या पावसाळ्याला निमंत्रण.

एक धोका आधीच सांगायला हवा. पादत्राणांना लावतात तो रबरी गोंद, पेट्रोल, थिनर किंवा थिनरमधला तैलरंग थर्माकोलला लागला तर थर्माकोल डोळ्यांदेखत वितळतो. म्हणून गोंद आणि रंग दोन्ही पाण्यातलेच असले पाहिजेत.

बाकी कृती सोपी आहे, पण घाईची नाही. शीतगृहाच्या भिंतींसाठी वापरतात तसा घट्ट दाण्याचा थर्माकोल घ्यावा. त्याचा गुळगुळीत पृष्ठभाग खरकागदाने खरवडावा, म्हणजे गोंदाला पकड मिळते. मांजरपाट किंवा जाड कॅनव्हास आधी गरम पाण्यात धुऊन घ्यावा. कोऱ्या कापडाला गिरणीची खळ असते आणि ती असेपर्यंत गोंद धाग्यात मुरत नाही. थर्माकोलवर गोंदाचा हात द्यावा, कापड पसरावे आणि वरून पुन्हा गोंद दाबून जिरवावा. खाली हवेचा एकही फुगा राहू देऊ नये, कारण जिथे फुगा तिथे चिकटलेले काही नाही, आणि भिंत प्रथम तिथेच दुमडते. कोपरे गोल घासावेत, कापडाच्या कडा एकमेकींवर दोन-तीन इंच चढवाव्यात. पूर्ण वाळल्यावर बाहेरच्या भिंतीचा पाण्यातला रंग तीन-चार हात द्यावा. कापडातली छिद्रे बुजवून पाणी अडवण्याचे काम हा रंगच करतो.

थर्माकोलमध्ये स्क्रू धरत नाही. दाराच्या बिजागऱ्या आणि कडी जिथे यायची, तिथे आधीच लाकडी पट्ट्या बसवून घ्याव्या लागतात. जमिनीवर मात्र माणसाचा गुडघा आणि टाच टोचते, तेव्हा तिथे वरून प्लायवूड हवेच.

वजनाचा हिशेब

सात फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट उंच अशी खोली धरू. एक माणूस ऐसपैस, दोन माणसे दाटीने झोपतील. सहा बाजूंचे मिळून क्षेत्रफळ १४४ चौरस फूट, म्हणजे साधारण १३.४ चौरस मीटर. दोन इंची थर्माकोल घनमीटरला २० किलो या हिशेबाने १३-१४ किलो भरतो. दोन्ही अंगांचे कापड चौरस मीटरला पाव किलो धरले तर पावणेसात किलो. वाळलेला गोंद आणि रंग मिळून दहा-बारा किलो. जमिनीला १२ मिलिमीटरचे प्लायवूड सुमारे १९ किलो. लाकडी पट्ट्या आणि कड्या-कोयंडे धरून एकूण साठ किलोच्या आत-बाहेर.

हीच खोली नुसत्या १८ मिलिमीटर प्लायवूडची केली तर फक्त प्लायवूडच १४५ किलोंच्या घरात जाते. बैलजोडीला या फरकाचे काही वाटणार नाही. पण एक खोली बैल, ट्रॅक्टर किंवा शेजाऱ्यांची वाट पाहते आणि दुसरी बापलेक दोघे उचलून बांधापलीकडे ठेवतात, हा फरक जागलीच्या दृष्टीने लहान नाही.

उष्णतेचा फायदा वेगळाच. प्लायवूडमधून उष्णता थर्माकोलच्या साधारण तिप्पट वेगाने जाते आणि पत्रा तर तिला अडवतच नाही. पौषातल्या पहाटे माणसाच्या अंगाची ऊब खोलीत टिकते आणि वैशाखात छपराचे ऊन सरळ डोक्यावर उतरत नाही. बाहेरचा रंग मात्र पांढराच हवा. थर्माकोल ८० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतो आणि विदर्भाच्या उन्हात काळे छप्पर त्या टप्प्याच्या जवळ सहज जाते.

जे जमत नाही ते

पहिली गोष्ट आग. थर्माकोल पेटतो, वितळून थेंब टाकतो आणि काळा, गुदमरवणारा धूर सोडतो. आग मंद पेटणारा प्रकार मिळतो, तो घ्यावा. तरीही आत चूल, शेगडी, कंदील किंवा बिडी चालणार नाही. जागलीला शेकोटी लागतेच, तर ती वाऱ्याची दिशा पाहून चांगली लांब असावी. दुसरी गोष्ट हवा. भिंतीतून काहीच झिरपत नाही, म्हणून समोरासमोर दोन झरोके जाळी लावून कायम उघडे हवेत. तिसरी उंदीर आणि मुंग्या. कापड फाटले की ते थर्माकोलमध्ये घर करतात. भोक दिसताच कापडाचे ठिगळ गोंदाने चिकटवून वर रंग द्यावा. दुरुस्ती इतकी सोपी असणे हे या पद्धतीचे मोठे बळ आहे.

हलकेपणाचीही किंमत असते. वावटळीत रिकामी खोली पतंगासारखी उडेल, तेव्हा चारही कोपरे खुंट्यांना दोराने बांधले पाहिजेत. आणि ही भिंत वारा अडवते, जनावर नाही. रानडुकराची एक धडक तिला पुरे. ज्या भागात वाघाचा वावर आहे तिथे कापडाच्या भिंतीने धीर येणे हेच धोक्याचे. तिथे उंच माळ्याला पर्याय नाही. फार तर ही खोली वजनाने हलकी म्हणून माळ्यावर चढवता येईल.

मोटारीमागे जोडून रस्त्यावर आणायची तर प्रश्न कायद्याचा. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलरचीही नोंदणी लागते आणि गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, पण ते पर्यटकांच्या सुसज्ज गाड्यांसाठी आहे. शेतातून शेतात जाणारी ही खोली त्यात बसत नाही, आणि बंडीवर ठेवायला तिला त्याची गरजही नाही.

शेवटची अडचण मनाला अधिक लागणारी आहे. थर्माकोल मातीत कुजत नाही. तुटलेल्या खोलीचे पांढरे दाणे वावरभर पसरले तर ते वेचणार कोण? मधला गर पऱ्हाटीचा झाला असता तर कापूस पिकवणाऱ्या मुलखाला याहून चांगले काय होते? मुंबईत १९२४ साली सुरू झालेल्या, आज केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने पऱ्हाट्यांपासून पार्टिकल बोर्ड बनवण्याचे तंत्र विकसित केले आहे. पण पार्टिकल बोर्ड वजनाने प्लायवूडच्याच पंगतीतला. पऱ्हाटीपासून हलका, पोकळ, बाल्सासारखा गर करता येईल का, हा प्रश्न एखाद्या तंत्रनिकेतनातल्या मुलांनी हाती घेण्यासारखा आहे. आज दरवर्षी पऱ्हाटी उपटली जाते आणि तिचा मोठा वाटा चुलीत किंवा बांधावर जळून जातो.

तोवर ज्याला हा उद्योग करून पाहायचा असेल त्याने एकदम खोलीला हात घालू नये. आधी दाराएवढी एकच पाटी करावी. तिच्या चारही कडा कापडाने नीट बंद कराव्यात, रंग द्यावा आणि मृगाच्या आधी ती घराच्या छपरावर ठेवावी. कापड कुठे सुटते, रंग कुठे फुगतो, उंदीर कुठून शिरतो, हे ती पाटीच सांगेल. पावसाळा काढून दिवाळीला ती धड खाली उतरली, तर उरलेल्या पाच बाजू करायला हरकत नाही.