ध्वनिमिश्रकाला ध्वनिमुद्रण यंत्र जोडणे

ध्वनिमिश्रक म्हणजेच मिक्सरमध्ये एकत्र आलेला ध्वनिसंकेत रेकॉर्डर, संगणक किंवा कॅमेऱ्याकडे नेण्यासाठी ही जोडणी केली जाते. नांदेड व लातूर जिल्ह्यांत गावोगावी अखंड हरिनाम सप्ताह होतात. त्यांतील कीर्तन चित्रपटगीताप्रमाणे पुन्हा गाऊन घेता येत नाही. त्यामुळे जोडणी आधीच अचूक असावी लागते.

संकेत कोठून घ्यावा

मंडपासाठीचे मिश्रण व मुद्रणासाठीचे मिश्रण एकच नसते. मृदंग व टाळ यांचा नाद मुळातच मोठा असल्याने मिक्सरवर त्यांची पातळी कमी ठेवली जाते. परिणामी मेन आउट किंवा रेक आउटमधून केलेल्या मुद्रणात कीर्तनकाराचा आवाज ठळक येतो, पण टाळ-मृदंग दुबळे वाटतात.

यावर उपाय म्हणजे प्री-फेडर ऑक्स सेंड. यातून मुद्रणासाठी स्वतंत्र मिश्रण करता येते व मंडपाचे फेडर हलवले तरी ते बिघडत नाही. गेन बदलल्यास मात्र दोन्हीकडे फरक पडतो. टाळकरी व श्रोत्यांचा गजर टिपण्यासाठी वेगळा माइक लावून त्याचा फेडर पूर्ण खाली ठेवतात. तो म्यूट करू नये, कारण अनेक मिक्सरमध्ये म्यूटमुळे ऑक्स सेंडही बंद होतो.

संकेताची पातळी

माइकचा संकेत काही मिलिव्होल्ट इतकाच असतो. व्यावसायिक मिक्सरची लाइन पातळी सुमारे १.२३ व्होल्ट, तर घरगुती उपकरणांची सुमारे ०.३२ व्होल्ट असते. म्हणून मिक्सरचा संकेत रेकॉर्डरच्या लाइन इनपुटमध्येच द्यावा. माइक इनपुटमध्ये दिल्यास आवाज फाटतो. माइक इनपुटला पर्याय नसेल तर मध्ये अ‍ॅटेन्युएटर लावतात व फँटम पॉवर बंद ठेवतात. डिजिटल मुद्रणात सर्वोच्च पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवल्यास अचानक चढणाऱ्या गजरालाही जागा उरते.

तारेची निवड

मिक्सरचे बॅलन्स्ड मोनो आउटपुट सरळ स्टिरिओ तारेने कॅमेऱ्याला जोडल्यास डाव्या व उजव्या बाजूंस परस्परविरुद्ध संकेत जातात. हेडफोनवर आवाज येतो. परंतु एकाच स्पीकरच्या मोबाइलवर दोन्ही बाजू एकत्र होऊन तो जवळजवळ नाहीसा होतो. त्यासाठी मोनो संकेत दोन्ही बाजूंस सारखाच देणारी तार वापरावी.

गुणगुण व वीजपुरवठा

मिक्सर व संगणक वेगवेगळ्या ठिकाणाहून वीज घेत असल्यास अर्थिंगचे वर्तुळ तयार होऊन ५० हर्ट्झची गुणगुण येऊ शकते. दोन्ही उपकरणे एकाच बोर्डावर जोडावीत किंवा मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावावा. प्लगची अर्थिंगची पिन काढणे जीवघेणे ठरू शकते. रेकॉर्डर बॅटरीवर चालवल्यास वीज जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंत मुद्रण खंडित होत नाही.

रेकॉर्डरचे आउटपुट ऐकण्यासाठी मिक्सरमध्ये परत आणल्यास त्या चॅनेलचा ऑक्स शून्यावर ठेवावा. अन्यथा संकेत फिरत राहून शिट्टी वाजते. खरी तपासणी रेकॉर्डरलाच हेडफोन लावून, थोडे मुद्रण करून ते पुन्हा ऐकल्यावरच होते.