तुमच्या पेमेंटचा डेटा देशाबाहेर जाऊ नये, हे नेमकं कोण बघतं? समजून घ्या क्लाउड डेटा आर्किटेक्टचं काम

जुलै २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने मास्टरकार्डला भारतात नवे ग्राहक घेण्यास मनाई केली. हॅकिंग झालं नव्हतं, घोटाळाही नव्हता. पेमेंटचा डेटा फक्त भारतातच साठवायचा, हा एप्रिल २०१८ चा आदेश पुरेसा वेळ देऊनही पाळला नाही, असं रिझर्व्ह बँकेचं म्हणणं होतं.

लोकांची जुनी कार्डं चालू राहिली, पण बँका अडकल्या. आरबीएल बँकेने लगेच व्हिसाशी करार केला, तरी तांत्रिक जोडणीला ८ ते १० आठवडे लागतील असं तिला सांगावं लागलं. मास्टरकार्डवरची बंदी उठली ती थेट जून २०२२ मध्ये.

आता बँका आणि विमा कंपन्या झपाट्याने क्लाउडवर जातायत. तिथे कोणता डेटा कुठे राहील, कोणाला उघडता येईल आणि कधी पुसला जाईल, याचा आराखडा क्लाउड डेटा आर्किटेक्ट आखतो.

डेटा भारतात ठेवायचा, यात अवघड काय?

क्लाउड म्हणजे शेवटी दुसऱ्याच्या डेटा सेंटरमधले भाड्याने घेतलेले कॉम्प्युटर. मुंबई, हैदराबाद, पुणे, दिल्ली अशा ठिकाणी मोठ्या कंपन्यांची केंद्रं आहेत. यादीतून मुंबई निवडली की मुख्य डेटाबेस मुंबईत. इथवर सोपं आहे.

खरी डोकेदुखी असते ती कॉपींची. रात्रीचा बॅकअप कुठे जातो? अ‍ॅप बंद पडलं तर तयार होणाऱ्या एरर लॉगमध्ये कार्ड नंबर तर छापला जात नाही ना? टेस्टिंगसाठी कोणी खऱ्या ग्राहकांचा डेटा उचलला का? कस्टमर केअरचं सॉफ्टवेअर भलत्याच देशातल्या सर्व्हरवर चालत असेल तर? मुख्य दरवाजाला कुलूप असतं, डेटा गळतो तो अशा खिडक्यांतून. त्यामुळे या माणसाचा बराचसा वेळ कोड लिहिण्यात नाही, तर डेटाची वाट शोधण्यात जातो.

प्रक्रिया परदेशात झाली तरी चालते, पण मग तिथला डेटा पुसून तो एक कामकाजाचा दिवस किंवा २४ तास, यात जे आधी असेल त्याच्या आत भारतात आणावा लागतो. आणि नुसतं 'पुसला' म्हणून भागत नाही, ऑडिटरला पुरावा दाखवावा लागतो.

नियम एकमेकांना छेद देतात तेव्हा

समजा, ग्राहकाने खातं बंद केलं आणि 'माझी माहिती काढून टाका' असं सांगितलं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तसा हक्क दिलेला आहे. पण मनी लाँडरिंगविरोधी कायद्यानुसार बँकेला व्यवहारांच्या नोंदी ५ वर्षं जपाव्या लागतात. शिवाय सर्ट-इनच्या निर्देशांनुसार सिस्टीमचे लॉग १८० दिवस ठेवायचे. मग काय पुसायचं आणि काय ठेवायचं? एकाच ग्राहकाच्या माहितीचे असे वेगवेगळे कप्पे आधीच केलेले नसतील, तर हे नंतर निस्तरणं महाकठीण. सुरक्षेत हलगर्जी झाली तर त्या २०२३ च्या कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे.

चावीचाही प्रश्न असतोच. डेटा एन्क्रिप्ट केला, पण त्याची की क्लाउड कंपनीकडेच असेल तर? म्हणून अनेक संस्था की स्वतःच्या ताब्यात ठेवतात. अर्थात ती हरवली तर डेटाही गेला.

बाहेर पडायची वाट

रिझर्व्ह बँकेचे आयटी आउटसोर्सिंगचे निर्देश १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाले. काम बाहेर दिलं तरी जबाबदारी बँकेचीच, हे त्यात स्पष्ट आहे. क्लाउड कंपनी सोडायची वेळ आली तर डेटा कसा काढून घेणार आणि जुन्या जागेतून कायमचा कसा पुसणार, याची योजनाही तयार हवी. थोडक्यात, नव्या जागेत सामान लावण्याआधीच आर्किटेक्टला ती रिकामी कशी करायची हे कागदावर मांडावं लागतं.