रोज जीव तोडून १६०० मीटर पळूनही टायमिंग का कमी होत नाही? सगळं गणित एका राउंडमागे ५ सेकंदांचं आहे

वर्धा जिल्ह्यात पहाटे पाचला घराबाहेर पडा. सेवाग्रामचा रस्ता असो, हिंगणघाटचं मैदान असो, नाहीतर आर्वी-पुलगावकडचा एखादा डांबरी रस्ता असो, पळणारे पोट्टे आणि पोट्ट्या दिसणारच. हातात मोबाईल, मोबाईलवर स्टॉपवॉच आणि पळून झालं की पहिला प्रश्न एकच,

"टायमिंग किती आलं?"

मोठ्या शहरांत लोक हौसेनं ५ किलोमीटर, १० किलोमीटर पळतात आणि आपला पर्सनल बेस्ट सोशल मीडियावर टाकतात. इथल्या पोरांनाही पर्सनल बेस्टच काढायचा असतो. फरक इतकाच, की त्यांच्यासाठी तो नोकरीचा विषय असतो.

कारण ही शर्यत पोलीस भरतीची असते. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर.

आता गंमत अशी की यातली बरीच पोरं दोन-दोन वर्षं रोज पळतात, पण टायमिंग एका आकड्यावर येऊन अडकतं. सहा मिनिटं म्हणजे सहा मिनिटंच. मेहनत कमी पडते असं म्हणावं तर तसंही नाही. मग अडतं कुठं? तेच सोपं करून बघू.

आधी गुणांचं गणित समजून घ्या

पोलीस शिपाई पदाची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. त्यात १६०० मीटर किंवा ८०० मीटर धावण्याला २० गुण, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. मैदानीत किमान ५० टक्के गुण लागतात आणि त्यातूनही एका जागेमागे १० या हिशोबानं पोरं १०० गुणांच्या लेखी परीक्षेला बोलावली जातात.

२०२४ च्या भरतीत राज्यात सुमारे साडेसतरा हजार जागा होत्या आणि अर्ज आले होते १७ लाखांच्या वर. म्हणजे एका जागेमागे साधारण शंभर जण. अशा गर्दीत एकेक गुण किती माणसांना मागं टाकतो, ते वेगळं सांगायला नको.

आता १६०० मीटरचा तक्ता बघा. ५ मिनिटं १० सेकंद किंवा त्याहून कमी वेळ लागला तर पूर्ण २० गुण. ५:३० पर्यंत १८, ५:५० पर्यंत १६ आणि ६:१० पर्यंत १४.

मुलींच्या ८०० मीटरमध्ये २ मिनिटं ५० सेकंदांपर्यंत २० गुण, ३ मिनिटांपर्यंत १८ आणि ३:१० पर्यंत १६.

म्हणजे मुलांसाठी २० सेकंदांचा एक टप्पा आणि मुलींसाठी १० सेकंदांचा.

४०० मीटरच्या मैदानावर १६०० मीटरचे चार राउंड होतात आणि ८०० मीटरचे दोन. २० सेकंदांना चारनं भागा, ५ आले. १० सेकंदांना दोननं भागा, तरी ५ च आले.

थोडक्यात, मुलगा असो की मुलगी, एका राउंडमागे ५ सेकंद वाचवले की २ गुण वाढतात.

यातच आणखी एक मेख आहे. ५:५२ वरून ५:४८ वर आलात, तर चार सेकंदांत २ गुण मिळाले. पण ५:४८ वरून ५:३२ वर आलात, म्हणजे तब्बल १६ सेकंद कमी केले, तरी गुण १६ चे १६ च. त्यामुळं "मला फास्ट पळायचंय" हे टार्गेट होऊ शकत नाही. आपण कोणत्या टप्प्याच्या काठावर आहोत, हे आधी माहीत पाहिजे.

एक सूचना इथंच देऊन ठेवतो. नियम बदलत असतात आणि राज्य राखीव पोलीस दलासाठी तर धावायचं अंतरच वेगळं, ५ किलोमीटर असतं. त्यामुळं ज्या भरतीचा फॉर्म भरलाय, तिच्या जाहिरातीतला तक्ता स्वतः वाचायचा. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोवर विश्वास ठेवायचा नाही.

पहिल्या राउंडला हिरो, तिसऱ्या राउंडला झिरो

समजा, एका पोराला १६०० मीटरला बरोबर सहा मिनिटं लागतात. त्याचे राउंड असे पडतात : पहिला ७५ सेकंद, दुसरा ८८, तिसरा ९७ आणि चौथा १००.

शिट्टी वाजली की सगळे सुसाट सुटतात, हाही सुटतो. पहिला राउंड त्यानं ७५ सेकंदांत मारला, म्हणजे पाच मिनिटांत शर्यत संपवणाऱ्याचा वेग पकडला. तेवढी तयारी शरीराची नव्हती.

मग आत काय होतं?

पाच-सहा मिनिटांच्या धावण्यात लागणारी जवळपास चार-पंचमांश ऊर्जा ऑक्सिजन वापरून तयार होते. ऑक्सिजनचा हा पुरवठा पूर्ण वेगानं सुरू व्हायला मिनिटभर लागतं. तोवर वेग जास्त ठेवला, तर शरीर ऑक्सिजनशिवाय ऊर्जा काढायला लागतं. ती लगेच मिळते, पण तिच्यासोबत स्नायूंमध्ये आम्लता वाढत जाते. त्यालाच आपण पाय भरून येणं म्हणतो. हे कर्ज पहिल्या राउंडला काढलं की तिसऱ्या राउंडला व्याजासकट फेडावं लागतं.

याच पोरानं ८७, ८८, ८८, ८५ असे राउंड मारले तर? बेरीज होते ३४८ सेकंद, म्हणजे ५:४८. तब्येत तीच, फेफडं तेच, पण १४ चे १६ गुण झाले.

जगातल्या सगळ्यात गाजलेल्या शर्यतीतही हेच दिसतं. ६ मे १९५४ ला इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डला रॉजर बॅनिस्टर नावाच्या मेडिकलच्या विद्यार्थ्यानं एक मैल अंतर ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत पार केलं. चार मिनिटांच्या आत मैल पळणारा तो पहिला माणूस. मैल म्हणजे १६०९ मीटर, आपल्या भरतीच्या अंतरापेक्षा फक्त ९ मीटर जास्त. त्याचे पाव-पाव मैलाचे चार टप्पे होते ५७.५, ६०.७, ६२.३ आणि ५८.९ सेकंद. सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात संथ टप्प्यात पाच सेकंदांचाही फरक नाही. पुढं वेग राखून देणारे दोन मित्र होते, त्यांच्या मागं तो शांतपणे राहिला आणि जोर शेवटी लावला.

रोज ट्रायल देणं म्हणजे सराव नाही

आता मूळ दुखणं. बहुतेक पोरं रोज सकाळी १६०० मीटर फुल ताकदीनं पळतात आणि घड्याळ बघतात. ही झाली परीक्षा. रोज परीक्षा दिली तर अभ्यास कधी होणार?

ऑक्सिजनवर चालणारं इंजिन मोठं होतं ते सावकाश आणि जास्त वेळ पळण्यानं. त्यानं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं, स्नायूंमधल्या बारीक रक्तवाहिन्या वाढतात. सावकाश म्हणजे किती? पळता पळता शेजारच्या दोस्ताशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, इतकं. पोरांना याची लाज वाटते, कारण रस्त्यावर कुणीही ओव्हरटेक करून जातं. पण आठवड्यातलं बरंचसं पळणं असंच पाहिजे.

मग आठवड्यातून दोनच दिवस जोराचे ठेवायचे. ५:४८ चं टार्गेट असेल तर ४०० मीटर ८७ सेकंदांत, मध्ये दोन मिनिटं चालणं, असे सहा राउंड. सहावा राउंडही ८७ मध्येच आला पाहिजे. पहिला ७८ आणि शेवटचा ९८ आला, तर त्या दिवशीचा सराव वाया गेला समजा. यातून पायांना वेग पाठ होतो आणि घड्याळ न बघताही आपण किती वेगात आहोत ते कळायला लागतं.

एक दिवस पूर्ण आराम. शरीर सुधारतं ते पळताना नाही, पळून झाल्यावर झोपेत आणि आरामात. विश्वास बसत नसेल तर पुन्हा बॅनिस्टरकडे बघा. विक्रमाच्या काही आठवडे आधी त्याचे सरावातले राउंड ६१ सेकंदांवर अडकले होते, काही केल्या खाली येईनात. शेवटी तो मित्रासोबत स्कॉटलंडला डोंगर चढायला निघून गेला. परत येऊन थोडा आराम करून पळाला, तर राउंड ५९ सेकंदांत आला.

पूर्ण ताकदीची ट्रायल दोन-तीन आठवड्यांतून एकदा पुरते. रोज तेच केलं तर नडगी दुखायला लागते. ते दुखणं अंगावर काढलं तर हाडाला बारीक चीर पडून ऐन भरतीत घरी बसायची वेळ येऊ शकते.

मैदानावर फुकट जाणारे सेकंद

पहिली गोष्ट, आतली लेन. ट्रॅकची एक लेन १.२२ मीटर रुंद असते. आतल्या कडेऐवजी एक लेन बाहेरून पळालात तर प्रत्येक राउंडला साडेसात मीटरपेक्षा जास्त अंतर वाढतं. चार राउंडचे झाले ३० मीटर, म्हणजे साधारण ६ सेकंद. गर्दीत कुणाला मागं टाकायचं असेल तर वळणावर नाही, सरळ पट्ट्यात टाकायचं.

दुसरी, मोजमाप. मोबाईलच्या ॲपवरचे १६०० मीटर आणि मैदानावरचे १६०० मीटर यांत फरक पडतो. गावाकडच्या रस्त्यावर ॲप लावून काढलेलं ५:४० मैदानावर ५:५५ होतं आणि पोरगं खचतं. त्यामुळं ट्रायल तरी मोजलेल्या ट्रॅकवर द्यायची. तालुक्याला ट्रॅक नसेल तर टेप घेऊन २०० मीटर मोजायचे आणि खुणा करायच्या. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीच्या मैदानावर बूट जड होतात, तेव्हाच्या टायमिंगवरून स्वतःला जोखायचं नाही.

तिसरी, वॉर्मअप. दहा मिनिटं हळू पळणं आणि मग ८०-१०० मीटरचे तीन-चार वेगवान तुकडे. यानं ऑक्सिजनचा पुरवठा शिट्टीच्या आधीच सुरू होतो.

आणि अंधारात रस्त्यावर पळत असाल तर समोरून गाड्या येतात त्या बाजूनं, उजळ कपडे घालून आणि कानात काही न घालता पळायचं.

ऊन हा चेष्टेचा विषय नाही

वर्ध्याचा उन्हाळा कुणाला समजावून सांगायची गरज नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो. पण धोका फक्त मे महिन्यात असतो असंही नाही. जूनमध्ये ढग आले की हवा दमट होते, घाम वाळत नाही आणि शरीरातली उष्णता आतच राहते.

जून २०१४ मध्ये मुंबईतल्या पोलीस भरतीत ५ किलोमीटर धावताना कोसळून काही तरुणांचे जीव गेले. त्यानंतर धावण्याच्या अंतराचा सरकारला फेरविचार करावा लागला. २०२४ च्या भरतीची मैदानी चाचणीसुद्धा १९ जूनलाच सुरू झाली होती.

अशा हवेची सवय शरीराला लावायला दहा ते चौदा दिवस लागतात. म्हणून तारीख कळल्यावर थोडं-थोडं पळून सवय करायची. पण ताप, जुलाब किंवा रात्रभरचा प्रवास झाला असेल तर जीव तोडायचा नाही. पळताना चक्कर आली, अंगावर काटा आला, बोलणं अडखळायला लागलं, तर थांबायचं. शेजारचा कुणी असा दिसला तर त्याला सावलीत न्यायचं, अंगावर पाणी ओतायचं आणि दवाखान्यात हलवायचं. भरती पुन्हा निघते.

२० सेकंदांना किती वेळ लागतो?

बीड जिल्ह्यातला अविनाश साबळे सगळ्यांना माहीत आहे. तो आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा. आपल्या वर्ध्यातली आष्टी नाही, बीडची. शेतकरी घरातला पोरगा, सैन्यात गेला आणि तिथं धावपटू झाला.

सप्टेंबर २०१८ मध्ये भुवनेश्वरला त्यानं ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटं २९.८० सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. मग स्वतःचाच विक्रम पुन्हा पुन्हा मोडत ७ जुलै २०२४ ला पॅरिसमध्ये ८:०९.९१ वर आला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं केनियाच्या दोन धावपटूंना मागं टाकून रौप्यपदकही जिंकलं.

वजाबाकी करून बघा. जवळपास सहा वर्षांत २० सेकंद.

त्या पातळीवर २० सेकंद काढणं फार अवघड असतं. सहा मिनिटांवर अडकलेल्या नवख्या पोराला ते कितीतरी लवकर जमू शकतं, कारण त्याच्याकडं सुधारायला जागा भरपूर आहे. पण महिना-पंधरा दिवसांत ते होत नाही. भरतीची जाहिरात निघाल्यावर पळायला सुरुवात करणारे आणि पहिल्या राउंडला सुसाट सुटणारे मागं राहतात ते यामुळंच.

तर उद्या सकाळी मैदानावर गेलात की एक काम करा. फक्त एकदा १६०० मीटर पळा आणि चारही राउंडचे वेगवेगळे आकडे वहीत लिहा. पहिल्या आणि तिसऱ्या राउंडमध्ये १० सेकंदांपेक्षा जास्त फरक असेल, तर तुमचे २ गुण बहुतेक तिथंच सांडलेत. परवापासून ते उचलायला लागा, सावकाश पळून.