घाटात गाणे का हरवते?

मुळशी धरणाच्या काठाने मोटार ताम्हिणी घाटाकडे चालली आहे. काकांनी तिच्यात भारी किमतीचा स्टीरिओ बसवला आहे. एफ.एम.वर गाणे रंगले आहे आणि डोंगर आडवा येताच नुसती खरखर! काका दुकानदारावर चिडतात. आपण मात्र हिशेब करू.

रेडिओलहरींचा वेग सेकंदाला 3,00,000 किलोमीटर. त्याला कंप्रतेने भागले की लहरीची लांबी मिळते. पुणे विविध भारतीचे 101 मेगाहर्ट्झ घ्या : सुमारे 3 मीटर. आकाशवाणी पुणेचे 792 किलोहर्ट्झ घ्या : सुमारे 379 मीटर! लांब लहर जमिनीला धरून, डोंगराला वळसा घालून पलीकडे उतरते. आखूड लहरीला ते फारसे जमत नाही. डोंगरामागे तिची सावली पडते.

मग मध्यम लहरच का ऐकू नये? तेथे शेजारच्या दोन केंद्रांत अंतर अवघे 9 किलोहर्ट्झ. एवढ्या अरुंद वाटेने तबल्याची चाट, झांजेची झणक पुरती येत नाही. एफ.एम. 15 किलोहर्ट्झपर्यंतचा ध्वनी आणते. भारी यंत्र क्षीण लहर जरा अधिक वेळ धरून ठेवील. न आलेली कोठून आणणार?

घाटात जाल तेव्हा दोन्ही केंद्रे आलटून पालटून लावा. कोणते केंद्र कोणत्या वळणावर गेले, त्याची नकाशावर खूण करा आणि पुण्याच्या दिशेला कोणता डोंगर आहे ते पाहा.