खेळाच्या खात्यातील चोरी आणि परताव्याची वाट

हुंडीचा व्यवहार प्रत्यक्ष पाहिलेली मंडळी आता आपल्या समाजात थोडीच उरली आहेत. हुंडी गहाळ झाली तर तिचा धनी स्वस्थ बसत नसे. ज्या पेढीवर ती लिहिलेली असे, त्या पेढीस तो प्रथम वर्दी देई. मग हुंडी लिहिणाराकडून तिची दुसरी प्रत, म्हणजे ‘पेठ’, मागून घेई. तीही हरवली तर ‘परपेठ’ निघे. शाहजोग हुंडीचे पैसे तर घेणारा इसम प्रतिष्ठित शाह आहे, अशी खात्री करूनच चुकते करावे लागत. हरविणाराने तत्काळ कळवावे आणि पैसे देणाराने खात्री करावी, या दोन कर्तव्यांवर तो सारा व्यवहार उभा होता. हुंडी गेली, तिच्या जागी मोबाइल आला. परंतु ही दोन कर्तव्ये मात्र गेलेली नाहीत. प्रस्तुत लेखाचा विषय वरवर पाहता मुलांच्या खेळाचा आहे. पण मुळात तो याच कर्तव्यांचा आहे.

हातीखान्यातील पेढीवर बसणाऱ्या आपल्यांपैकी अनेकांच्या घरी मुले व नातवंडे मोबाइलवर खेळ खेळतात. तरसाली काय, मांजलपूर काय, घरोघरी हेच दृश्य आहे. या खेळांत प्रत्येकाचे एक खाते असते. त्या खात्यात खऱ्या रुपयांनी विकत घेतलेली नाणी, हिरे व पोशाख साठविलेले असतात, आणि पुष्कळदा वडिलांचे कार्डही त्यास जोडून ठेवलेले असते. म्हणजे ज्यास आपण खेळ म्हणतो, ती वस्तुतः कुलूप नसलेली एक लहानशी तिजोरीच होय.

चोर कोठून येतो

चोराची नेहमीची वाट म्हणजे आमिष. ‘फुकट हिरे मिळतील’ असा संदेश येतो, मूल त्या दुव्यावर जाऊन आपला पासवर्ड लिहिते, आणि काही क्षणांत चोर खात्यात शिरून पासवर्ड व ईमेल दोन्ही बदलून टाकतो. एकच पासवर्ड चार ठिकाणी वापरल्यानेही हेच घडते. कित्येकदा तर खेळणाराचा काडीइतकाही दोष नसतो. २०११ च्या एप्रिल महिन्यात सोनी कंपनीच्या प्लेस्टेशन नेटवर्कमध्ये घुसखोरी झाली आणि सुमारे ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती उघडी पडली. तेव्हा ‘तूच काहीतरी केले असशील’ असे मुलास एकदम म्हणणे न्यायाचे नव्हे.

परताव्याचे तीन दरवाजे

पहिला दरवाजा बँकेचा. कार्डातून अथवा यूपीआयने पैसे गेल्याचे दिसताच बँकेस कळवून कार्ड बंद करवावे व तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकाने या बाबतीत मोठा आधार दिला. दोष बँकेचा नाही व ग्राहकाचाही नाही, तो अन्यत्र कोठे तरी आहे, अशा प्रसंगी बँकेची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या ३ दिवसांत कळविणाऱ्यास काहीच नुकसान सोसावे लागू नये, असे त्यात ठरविले. ४ ते ७ दिवसांत कळविल्यास सर्वसाधारण बचत खात्यास १०,००० रुपयांपर्यंतचा भार ठेवला. तक्रार आल्यावर १० कामकाजी दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करावी, ९० दिवसांत निकाल द्यावा आणि दोष ग्राहकाचा आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेने वाहावा, असेही त्यात सांगितले. मात्र ओटीपी वा पासवर्ड आपणच दुसऱ्यास दिला असेल, तर कळवीपर्यंतचे नुकसान आपले, कळविल्यानंतरचे बँकेचे. या मुदती व रकमा वेळोवेळी बदलतात, म्हणून चालू नियम आपल्या शाखेत आजच विचारून ठेवावेत.

हा नियम केवळ कागदावर राहिलेला नाही. आपल्याच नगरात १९०८ साली श्रीमंत सयाजीराव महाराजांनी स्थापिलेल्या बँक ऑफ बडोदाविरुद्ध मुंबईच्या एका कंपनीने दाद मागितली होती. २०२२ च्या ऑक्टोबरात तिच्या खात्यास ओटीपीवाचून परकी नावे जोडली गेली व ७६ लाखांहून अधिक रक्कम गेली. कंपनीने विनाविलंब तक्रार केली होती. जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याच परिपत्रकाच्या आधारे ती रक्कम परत करण्याचा आदेश दिला. पुण्याच्या पूना ऑटो अँसिलरीज या कंपनीचा प्रसंग याहून बोधप्रद आहे. फसव्या ईमेलास उत्तर दिल्यामुळे तिचे ८० लाख १० हजार रुपये गेले. माहिती-तंत्रज्ञान कायद्यान्वये न्यायनिर्णय अधिकारी असलेल्या महाराष्ट्राच्या माहिती-तंत्रज्ञान सचिवांनी २०१३ साली पंजाब नॅशनल बँकेस ४५ लाख रुपये देण्यास सांगितले. चूक तक्रारदाराचीही होती, म्हणून सर्व रक्कम मिळाली नाही. परंतु बँकेनेही पुरेशी खबरदारी घेतली नव्हती, म्हणून दावा फेटाळलाही गेला नाही. आपलीही थोडी चूक आहे एवढ्याचसाठी तक्रार करू नये, असे मुळीच नाही.

दुसरा दरवाजा पोलिसांचा. १९३० हा दूरध्वनी क्रमांक सर्व देशासाठी आहे. तेथे वेळीच कळविल्यास चोराच्या खात्यापर्यंत पोहोचलेली रक्कम वाटेतच गोठविता येते. यूपीआय व्यवहाराचा १२ अंकी क्रमांक, रक्कम, दिनांक व वेळ हाताशी ठेवून बोलावे. गोठविलेली रक्कम आपोआप घरी येत नाही. त्यासाठी न्यायालयाचा आदेश लागू शकतो. गुजरात पोलिसांच्या ‘तेरा तुझको अर्पण’ या उपक्रमात असा ऐवज त्याच्या मूळ धन्यास परत दिला जातो. परंतु गोठविण्याजोगे काही उरले असेल तरच हे सारे. चोर पैसे फार वेळ एका जागी ठेवीत नाही.

तिसरा दरवाजा खेळ चालविणाऱ्या कंपनीचा. खाते परत मिळविणे व त्यातील हिरे-नाणी परत मागणे हे काम बँकेचे नव्हे. येथे उपयोगी पडतात त्या जुन्या पावत्या. पहिली खरेदी केव्हा केली, कोणत्या ईमेलवर पावती आली, हे दाखविता आले की खाते कोणाचे, याचा वाद मिटण्यास मदत होते. गूगल प्लेमधून झालेली खरेदी आपण अथवा आपल्या ओळखीच्या कोणीही केलेली नसेल, तर व्यवहारापासून १२० दिवसांच्या आत ती गूगलला कळवावी, असा त्यांचा नियम आहे.

येथे एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. बँकेने रक्कम उलट फिरविली की काही कंपन्या खेळाचे खातेच बंद करतात. ‘फोर्टनाइट’ हा खेळ चालविणाऱ्या एपिक गेम्स कंपनीवर अमेरिकेच्या व्यापार आयोगाने जे आरोप ठेवले, त्यांत हाही एक होता. डिसेंबर २०२२ मध्ये त्या कंपनीने ग्राहकांच्या परताव्यासाठी २४ कोटी ५० लाख डॉलर देण्याचे मान्य केले. तेव्हा बँकेस कळविण्यात दिरंगाई नकोच. पण त्याच दिवशी कंपनीसही लिहून कळवावे.

पैसे लावून खेळावयाच्या खेळांची गोष्ट निराळी. असे खेळ चालविण्यास मनाई करणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला, आणि ड्रीम ११ सारख्या कंपन्यांनी सशुल्क स्पर्धा बंद केल्या. त्यानंतरही कोणी अशा खेळात पैसे भरण्यास सांगत असेल, तर परताव्याचा विचार पैसे भरण्यापूर्वीच करावा!

सत्य आणि भय

आता मुख्य मुद्दा. मुलाने स्वतः केलेली खरेदी ‘खाते हॅक झाले’ म्हणून सांगणे हे सत्य व अचौर्य या दोन्ही व्रतांस बाध आणणारे आहे. व्यवहारदृष्ट्याही ते घातक आहे. कारण खरेदी कोणत्या मोबाइलवरून झाली याची नोंद कंपनीकडे असू शकते, आणि एकदा खोटे पडलेला पुढे खऱ्या तक्रारीतही अविश्वसनीय ठरतो. घरच्या मुलाने नकळत केलेल्या खरेदीसाठीही परतावा मागता येतो. तो खरे सांगूनच मागावा.

पण मुलाने खरे सांगावे, तर घरात ते ऐकून घेणारे कोणी असावयास हवे. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबईच्या जोगेश्वरी भागातील १६ वर्षांच्या एका मुलाने आईच्या बँकखात्यातील सुमारे १० लाख रुपये पबजी या खेळात घालविले. आई-वडील रागावताच तो घर सोडून गेला. सुदैवाने पोलिसांनी त्यास अंधेरीतील महाकाली लेण्यांच्या परिसरातून सुखरूप परत आणले. त्या घरी १० लाखांहून मोठे काय हरवले होते, हे सांगणे नलगे.

तरसालीतीलच एका सभासदाच्या घरची हकिकत लहान आहे, पण तिचा बोध तोच. त्यांच्या नातवाचे खाते चोराने घेतले आणि एका रात्रीत सुमारे ११,००० रुपयांची खरेदी केली. मुलास ते सकाळीच कळले होते. बोलणी बसतील या भयाने तो तब्बल ११ दिवस गप्प राहिला. वडिलांनी खतावणी बँकेच्या उताऱ्याशी ताडून पाहिली तेव्हा गोष्ट उघडकीस आली. जुनी पावती असल्याने खाते परत मिळाले. बँकेने मात्र मुदत टळल्याचे सांगितले आणि रक्कम बुडाली. चोराने घेतले ते एका रात्रीत; परत मिळण्याची वाट बंद केली ती त्या ११ दिवसांच्या मौनाने.

दुसऱ्या चोरापासून सावध

पहिल्या चोरीनंतर बहुधा दुसरा चोर येतो. ‘आपले पैसे परत मिळवून देतो’ असे तो गोड शब्दांत सांगतो, थोडे शुल्क मागतो किंवा पिन लिहावयास सांगतो. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी असतो. पैसे घेण्यासाठी तो कधीच लागत नाही, एवढे घरातील प्रत्येकाने पाठ करावे. पोलीस, बँक वा रिझर्व्ह बँकेचे लोकपाल यांच्याकडे तक्रार करण्यास काहीही शुल्क पडत नाही. बँकेने ३० दिवसांत दाद न दिल्यास लोकपालांकडे जाता येते.

सभासद बंधू-भगिनींस विनंती एवढीच. पेढीचे खाते मुलांच्या खेळास जोडू नये. जोडणे भागच पडले, तर थोडी शिल्लक असलेले वेगळे खाते जोडावे. पावत्या जपाव्यात आणि १९३० हा क्रमांक देवघराशेजारच्या दिनदर्शिकेवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. आपण संवत्सरीस परक्यांपाशीही हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतो. तीच क्षमा घरातील मुलास आगाऊ देऊन ठेवावी, आणि ‘पैसे गेले तर त्याच घटकेला येऊन सांग, मी रागावणार नाही’ असे त्यास आजच सांगावे.