संगणकाला कुलूप कोण लावणार?

कापडाच्या पेढीवरून संध्याकाळी तीन कामे केल्याशिवाय कोणी घरी जात नाही. रोकड मोजायची, तिजोरी बंद करायची आणि शटर ओढल्यावर कुलूप एकदा हलवून पाहायचे. पण त्याच पेढीच्या कोपऱ्यात जो संगणक आहे, ज्यात सगळी उधारी, जीएसटीचा हिशेब आणि बँकेचे खाते आहे, त्याला कुलूप कोण लावतो? बहुतेक ठिकाणी कोणीच नाही. आम्हीही लावत नव्हतो. त्याची किंमत आम्ही रोख मोजली, म्हणून हे चार शब्द.

आधीच सांगतो, आम्ही संगणकाचे विरोधक नाही. आमचे शिक्षण मालेगावच्या उर्दू शाळेत झाले, इंग्रजी कामापुरते. तरीही आमच्या गल्लीत संगणक आणणाऱ्या पहिल्या पेढ्यांत आमची पेढी होती, आणि आजही नवे यंत्र दिसले की हात लावून पाहण्याचा आम्हाला शौक आहे. शौक होता, खबरदारी नव्हती.

एका नुक्त्याचा फरक

गोष्ट २०१९ सालची. दक्षिणेतील ज्या व्यापाऱ्याकडून आम्ही बारा वर्षे सूत घेत होतो, त्याचा ईमेल गुरुवारी सायंकाळी आला. जुन्या खात्याचे ऑडिट चालू आहे, सदर बिलाची रक्कम नव्या खात्यात भरावी, असा मजकूर होता. बिलाचा नंबर बरोबर, बॅगांची संख्या बरोबर, रक्कम पैशापर्यंत बरोबर. मुनीमजींनी विचारले, आम्ही 'भरून टाका' म्हटले. २ लाख ४० हजार रुपये गेले. शुक्रवारी मालेगावचा बाजार बंद. पुढच्या मंगळवारी त्या व्यापाऱ्याचा फोन आला, "सेठजी, पेमेंट अजून आले नाही."

मग भाच्याने तो ईमेल मोठा करून दाखविला. पत्त्यात जिथे इंग्रजी 'एम' हवा होता, तिथे 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी बसविले होते. लहान अक्षरांत ते हुबेहूब 'एम' दिसतात. उर्दूत 'सर' म्हणजे डोके; सीनवर तीन नुक्ते दिले की त्याचाच 'शर' होतो, म्हणजे दुष्टपणा. ज्याने लहानपणी नुक्ता चुकला म्हणून मास्तरांची छडी खाल्ली, तोच पन्नाशीत नुक्त्याने फसला.

हे घडते कसे, ते समजून घ्यावे. चोर दोघांपैकी एकाचा पासवर्ड मिळवून आठवडेच्या आठवडे टपाल नुसते वाचत बसतो. मोठे बिल निघाले की त्याच दिवशी मिळताजुळता पत्ता तयार करून खाते बदलल्याचे कळवितो. शिवाय बँक रक्कम जमा करताना खाते नंबर पाहते, आपण लिहिलेले नाव जुळवीत बसत नाही. हे आम्हाला तोवर ठाऊकच नव्हते. आता २०२५ च्या एप्रिलपर्यंत आरटीजीएस व एनईएफटीसाठी खातेदाराचे नाव आधी पाहण्याची सोय द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले होते. ही सोय जरूर वापरा. नाव जुळले नाही तर एक रुपयाही पाठवू नका.

आम्ही पोलिसांत तक्रार दिली, पण खाते तोपर्यंत रिकामे झाले होते. माल त्या व्यापाऱ्याचा होता आणि त्याला पैसे मिळाले नव्हते. तेव्हा तीच रक्कम आम्ही तीन हप्त्यांत दुसऱ्यांदा भरली. त्याने व्याज लावले नाही, हे त्याचे मोठेपण. त्या दिवसापासून पेढीचा नियम असा की, खाते बदलल्याचा निरोप कोठूनही येवो, आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरावर फोन करून, आवाज ओळखूनच पैसे पाठवायचे. निरोपात दिलेल्या नंबरावर नव्हे. तो नंबरही चोराचाच असतो.

न्हावा शेवापर्यंत आलेली आग

आपली पेढी लहान, आपल्याला कोण विचारतो, असे काही बांधव म्हणतात. त्यांनी २७ जून २०१७ चा दिवस आठवावा. जीएसटी लागू व्हायला चार दिवस होते. त्या दिवशी युक्रेनमध्ये 'नॉटपेट्या' नावाचा घातक प्रोग्राम सुटला. तो शिरला कशातून? तेथील व्यापारी ज्यावर कराचे हिशेब ठेवत, त्या 'एमई डॉक' नावाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. आपल्याकडे टॅली, तसे तिकडे ते. तेथून तो मर्स्क या डेन्मार्कच्या जहाज कंपनीच्या संगणकांत पोहोचला आणि आपल्या न्हावा शेवा बंदरात ती कंपनी चालवीत असलेल्या टर्मिनलचे कामही ठप्प झाले. गुन्हा कोठे, आणि कंटेनर अडकले कोठे!

मर्स्कने नंतर २० ते ३० कोटी डॉलरांचे नुकसान सांगितले. दहा दिवसांत ४५ हजार संगणक नव्याने उभे करावे लागले. त्या कंपनीच्या जाळ्याचा जो मुख्य नकाशा सर्व ठिकाणी पुसला गेला होता, त्याची एकच प्रत वाचली, आफ्रिकेतील घाना देशाच्या कचेरीत. का वाचली? तेथे वीज गेली होती आणि ते यंत्र त्या वेळी जाळ्यापासून तुटलेले होते. लोडशेडिंगला आपण आयुष्यभर शिव्या दिल्या. तिकडे त्याने एवढ्या मोठ्या कंपनीची लाज राखली.

यातला धडा आपल्या पेढीलाही लागू आहे. हिशेबाची एक प्रत अशी हवी, जी कोणत्याही तारेने संगणकाला जोडलेली नाही. आम्ही दोन हार्ड डिस्क घेतल्या आहेत. एक या आठवड्यात, दुसरी पुढच्या आठवड्यात. प्रत झाली की डिस्क काढून घरच्या कपाटात. संगणकाला कायम जोडून ठेवलेली डिस्क म्हणजे तिजोरीची दुसरी चावी तिजोरीवरच टांगणे. महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडूनही पाहावी. न उघडणारी प्रत काय कामाची?

जुन्या विंडोजवर चालणाऱ्या पेढ्या बाजारात पुष्कळ आहेत. विंडोज ७ ची दुरुस्ती कंपनीने जानेवारी २०२० मध्ये थांबविली, विंडोज १० ची नेहमीची दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. दुरुस्ती बंद म्हणजे भिंतीला पडलेले भोक आता कोणी बुजविणार नाही. अशा संगणकावर बँकेचे काम करू नये.

खिशातली तिजोरी

मोबाईलबाबत थोडक्यात सांगतो. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी असतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही. "पैसे पाठवतोय, पिन टाका" म्हणणारा चोर समजावा. लग्नपत्रिकेच्या नावाने 'एपीके' फाइल आली तर ती उघडू नये. तो निमंत्रण नसून आपल्या मोबाईलवर बसणारा प्रोग्राम असतो. स्क्रीन दाखविणारे अॅप कोणा अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून घेऊ नये. 'डिजिटल अटक' असा प्रकार आपल्या कायद्यात नाही. बँकांच्या वेबसाइटचे पत्ते आता 'डॉट बँक डॉट इन'ने संपतात. पत्ता शेवटपर्यंत वाचावा. ईमेलला पासवर्डशिवाय दुसरी पडताळणी लावून घ्यावी. आमच्याकडे ती असती, तर निदान आपल्या बाजूची पेटी फुटली नाही, हे तरी छातीठोक सांगता आले असते.

आणि स्क्रीनवर इंग्रजीत काही आले की न वाचता 'ओके' दाबण्याची आपल्याला सवय आहे. न वाचलेल्या कागदावर आपण अंगठा लावत नाही, मग येथे का लावतो? समजले नाही तर मुलाला, भाच्याला विचारावे. यात कसली लाज?

घडलेच तर

तरीही फसवणूक झालीच तर लपवू नका. ताबडतोब १९३० वर फोन करा, बँकेला कळवा आणि केंद्र सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात पळत असते. ती वाटेत आहे तोवरच गोठविता येते. आम्ही पाच दिवसांनी जागे झालो, आणि नंतर आणखी दोन दिवस लोक काय म्हणतील म्हणून गप्प बसलो. पैसे चोराने नेले हे खरे, पण ते दोन दिवस आम्ही त्याला आमच्या हाताने दिले.

व्यापार भरवशावर चालतो आणि चालत राहील. पण भरवसा माणसाचा करावा, त्याच्या नावाने आलेल्या अक्षरांचा नव्हे. आज शटर ओढण्यापूर्वी आपल्या संगणकापाशी पाच मिनिटे थांबा, आणि ते कुलूपही एकदा हलवून पाहा.